बिनपगारी कामगारांची टाकी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आपला कारखाना असेल आणि सांडपाण्यासाठी जैविक कार्बन फिल्टर बसवण्याची वेळ आलीच असेल, तर मालक, खचून जाऊ नका. फिल्टरमधला कोळसा करवंटीचा, सक्रिय केलेला घ्या. त्याच्या एका ग्रॅमच्या पोटात सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. बेळगावात दहा गुंठे चिमटीत धरून आणण्याची सोय दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात नाही. (जिवाणूंना त्या सूक्ष्म छिद्रांत शिरता येत नाही, ते आपले पडवीत राहतात.)

हे जिवाणू म्हणजे बिनपगारी कामगार. कोळसा सेंद्रिय घाण धरून ठेवतो, ते ती खातात, आणि त्यामुळे कोळशातली जागा थोडीफार मोकळी होत राहून तो अधिक काळ टिकतो. त्यांची मागणी एवढीच, की पाण्यात हवा खेळती असावी आणि १०० भाग बीओडीमागे (म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूमागे, घाणीचे हेच माप) ५ भाग नत्र व १ भाग स्फुरद मिळावे. ही मागणी साफ फेटाळावी. पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवावा, विजेचे बिल उतरते. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा देण्याच्या, हौदातले आम्ल, क्रोमियमसकट, रात्री दोनच्या सुमारास थेट टाकीत सोडावे. जिवाणूंना क्रोमियम पचत नाही, पण क्रोमियमला जिवाणू पचतात. सकाळी मेलेल्या थराचा वास सुटला, तर वरून दोन मुठी ब्लीचिंग पावडर टाकावी, म्हणजे चुकून जगलेलेही सुटतील.

टाकीवरची पाटी कन्नडमध्ये ठळक आणि मराठीत बारीक रंगवून घ्यावी. गावात वाद पाटीवरच रंगतो, टाकीत कोणी डोकावत नाही.

तपासणीचा दिवस कठीण नसतो. बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम, आणि आपले पाणी ९० भरत असेल, तर एक भाग सांडपाण्यात दोन भाग बोअरचे पाणी मिसळावे. घाण तेवढीच राहते, आकडा तेवढा सुधारतो. शिवाय ही चाचणी २७ अंशांवर ३ दिवस चालते, तोवर मूळ पाणी मार्कंडेय नदीतून घटप्रभेच्या वाटेला लागलेले असते.

एखादे दिवशी बळ्ळारी नाल्याकाठचा शेतकरी भातातले फेसाळ पाणी बाटलीत भरून आपल्या टेबलावर आणून ठेवील. त्याला आदराने बसवून चहा सांगावा. चहाला पाणी मात्र विकतचे वापरावे, बोअर आपल्याच आवारात आहे.