मावशीच्या वाघ्याला दिलेली अर्धी गोळी

परवा कोल्हापूरहून मावशीचा फोन आला. तिच्या कुत्र्याला, वाघ्याला, सकाळपासून जुलाब होतायत. काय खाल्लं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं, काल पोळीत गूळ घालून अर्धी गोळी दिली होती." गोळी कुठली? काकांच्या दाढेच्या वेळची उरलेली, अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक या अँटिबायोटिकची. आणि वाघ्याला झालं काय होतं? तिच्या मते काहीच नाही. मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला होता, एवढंच.

तो मेसेज मी मागवून घेतला. त्यात लिहिलंय: कुत्र्यामांजरांच्या जंतूंत 'मेक-ए' जनुक सापडलाय, त्यामुळे त्यांच्यावर कुठलंच औषध चालत नाही. प्राण्यानं चाटलं की तो जनुक आपल्या डीएनएत शिरतो. मांजराच्या ओरखड्यानं गाठी येतात. म्हणून दर महिन्याला प्राण्याला अँटिबायोटिक द्या, नाहीतर त्याला घराबाहेर सोडा. जनावरांचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये मी रोज कल्चर लावते, म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघते. हे वाचून गप्प बसवेना.

डीएनएचं आधी उरकते. चाटल्यानं जंतूचा जनुक माणसाच्या डीएनएत शिरत नाही. ताकाच्या एका पेल्यातून आपण कोट्यवधी जंतू त्यांच्या जनुकांसकट पितो, त्यानं कुणाचा डीएनए बदललेला नाही. जंतू एकमेकांना जनुक देतात हे मात्र खरं आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं तेवढंच कुठेतरी अर्धवट ऐकलेलं दिसतं.

आता मेक-ए. कुत्र्याच्या कातडीवर, नाकात स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस नावाचा जंतू एरवी गुपचूप राहतो. २००५ साली त्याला हे नाव मिळालं. अ‍ॅलर्जीनं किंवा पिसवांनी कातडी सोलवटली, कान ओला राहिला, की तो डोकं वर काढतो. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटतात आणि बांधकाम थांबवतात. मेक-ए असलेला जंतू याच कामासाठी एक वेगळं प्रथिन बनवतो, ज्याला ही औषधं नीट चिकटतच नाहीत. जनुकाचं काम एवढंच. त्यानं जंतू जास्त जहाल होत नाही. माझ्यासमोरच्या प्लेटवर हे डोळ्यांनी दिसतं: ऑक्सासिलिन या पेनिसिलिनच्याच कुळातल्या औषधाच्या चकतीच्या अगदी कडेपर्यंत जंतू दाट उगवलेला असतो, आणि त्याच प्लेटवर दुसऱ्या एखाद्या औषधाच्या चकतीभोवती स्वच्छ गोल वर्तुळ असतं, म्हणजे तिथे जंतू वाढू शकलेला नाही. ते वर्तुळ बघूनच डॉक्टर औषध निवडतात. याच जंतूचा युरोपात पसरलेला 'एसटी-७१' नावाचा वंश एकाच वेळी बऱ्याच औषधांना दाद देत नाही, हे कबूल. पण वरवरच्या कातडीच्या संसर्गाला अशा वेळीही क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या शांपूनं आराम पडतो. मग 'कुठलंच औषध नाही' हे आलं कुठून?

सगळ्यात जास्त राग मला त्या महिन्याच्या गोळीचा आला. अँटिबायोटिक दिलं की औषधाला बळी पडणारे जंतू मरतात, आणि ज्यांच्याकडे मेक-ए आहे त्यांना सगळी जागा मोकळी मिळते. दर महिन्याला हेच करायचं म्हणजे मेसेजनं ज्याची भीती घातलीय तोच जंतू घरात पोसायचा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं २०१८ मध्ये कुत्र्याच्या पिल्लांमुळे पसरलेल्या कॅम्पिलोबॅक्टर या जुलाबाच्या जंतूच्या साथीचा अहवाल दिला. १८ राज्यांत ११८ माणसं आजारी पडली होती. माणसांतला आणि पिल्लांतला जंतू जवळच्या नात्याचा आहे हे जीनोम, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, वाचून कळलं, आणि तो या आजारावरच्या नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हता. तपासलेल्या १४९ पिल्लांपैकी १४२ पिल्लांना अँटिबायोटिक दिलेलं होतं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांना आजार नसताना, नुसतं खबरदारी म्हणून. मावशीनं वाघ्याला दिलं तसंच.

आणि जंतू नेहमी प्राण्याकडूनच येतो असंही नाही. ब्रिटनमधल्या कुत्र्यामांजरांत सापडलेला एमआरएसए (मेक-ए असलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आपल्या जंतूचा माणसांतला भाऊबंद) बहुतांशी तिथल्या माणसांच्या रुग्णालयांतल्याच वंशाचा होता. म्हणजे तो माणसांनीच त्यांना दिलेला.

ओरखड्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो मान्य करायलाच हवा. बार्टोनेला हेन्सेले हा जंतू मांजराच्या पिसवांमुळे पसरतो, पिसवांची घाण नखांत अडकते, आणि ओरखड्यातून आत गेली की काखेत, मानेत गाठ येऊ शकते. बहुतेकांची ती आपोआप बरी होते. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी डॉक्टरांना दाखवावंच. पण यावर उपाय पिसवा घालवणं आणि ओरखडा लगेच साबणानं धुणं हा आहे. मांजर रस्त्यावर सोडलं तर त्याला पिसवा आणखी होणार.

बोलता बोलता मावशी म्हणाली, वाघ्या गेला महिनाभर डावा कान सारखा खाजवतोय. हे तिला सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. तिथल्या डॉक्टरांना मी कानाचा स्वॅब घ्यायला सांगितलंय. पण ती अर्धी गोळी पोटात गेलीय, म्हणून आता काही दिवस थांबावं लागणार, नाहीतर कल्चर फसवं येईल. तोवर वाघ्या कान खाजवत बसणार.