उंची कमी म्हणून पूल खेळायला जमत नाही?

‘पूल हा उंच, लांब हातांच्या माणसांचा खेळ, बुटक्यांनी नादी लागू नये,’ असा एक दावा पूलबद्दल, म्हणजे टेबलावर क्यूने (लांब काठीने) पांढऱ्या चेंडूला फटका मारून बाकीचे चेंडू खिशांत पाडायच्या खेळाबद्दल, सध्या फिरतोय. त्यात तथ्य आहे, पण चिमूटभरच.

नऊ फुटी टेबलाचा खेळायचा भाग 100 इंच लांब आणि 50 इंच रुंद असतो. म्हणजे पांढरा चेंडू कुठेही असला, तरी जवळच्या लांब कडेपासून तो फार तर 25 इंचांवर. इतकं अंतर बहुतेकांच्या आवाक्यात असतं. अडचण येते ती दिशेची: चेंडू टेबलाच्या मधोमध आणि फटका लांबीच्या रेषेत मारायचा असेल, तर मागून वाकून पोहोचावं लागतं. एक पाय जमिनीला टेकलेला हवा, हा नियम. इथे उंच खेळाडूला फायदा मिळतो, हे कबूल.

पण त्यावर उपाय आहेत. क्यूला आधार देणारी दांडी, म्हणजे रेस्ट, नियमात बसते. क्यूला जोडायचा लांबीचा तुकडाही मिळतो. दुसऱ्या हाताने खेळायची सवय तर सगळ्यात स्वस्त. (रेस्ट घेण्यात कमीपणा मानणारे लोक का असतात, कळत नाही.)

उलट बाजू कुणी सांगत नाही. टेबलाची उंची साधारण 30 इंच, सगळ्यांना तीच. हनुवटी क्यूजवळ आणायला उंच माणसाला पाय फाकवून, गुडघे मोडून उभं राहावं लागतं. दोन तासांनी त्याची कंबर काय म्हणते, ते त्यालाच विचारा.