'खांदा बसला की काम झालं' सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

कबड्डी-कुस्तीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. त्याचं म्हणणं असं: निखळलेला खांदा जाणत्याने जागेवरच झटका देऊन बसवावा, एक्स-रेत वेळ घालवू नये. बसला की तीन आठवडे झोळी पुरे. पुन्हा निखळलाच तर दुर्बिणीतून टाके घेतले की कायमचा बंदोबस्त, आणि हाड कापून लावायचं ऑपरेशन सांगणारा डॉक्टर पैसे उकळतो.

आधी झटक्याचं. खांदा निखळताना दंडाच्या हाडाच्या मानेला कधी बारीक तडा गेलेला असतो. तो न बघता हात पिळला तर हाडाचा गोल माथा मानेपासून सुटतो, आणि भूल देऊन हलक्या हाताने बसला असता त्या खांद्याला प्लेट घालायचं ऑपरेशन लागतं. म्हणून बसवण्याआधी दोन दिशांनी एक्स-रे हवेत. फिट आल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर खांदा मागे निखळू शकतो, आणि समोरून काढलेल्या एकट्या फिल्ममध्ये तो जवळपास ठीक दिसतो. हात बाहेरच्या बाजूला वळतच नाही, ही त्याची खूण. दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदनाही बसवण्याआधी आणि नंतर तपासायची, कारण तिथली नस (मज्जातंतू) बऱ्याचदा ताणली जाते.

बसल्यावर पुन्हा एक्स-रे. जिथे हात उचलणारे स्नायू चिकटतात तो हाडाचा उंचवटा तुटून 5 मिमीपेक्षा जास्त सरकलेला राहिला, तर तो सहसा स्क्रूने किंवा अँकरने (हाडात रुतवलेल्या दोऱ्याच्या खिळ्याने) बांधावा लागतो. चाळिशीनंतर हात वर जातच नसेल तर स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारा दोर) फाटलाय का, ते एमआरआयवर बघावं.

मेसेजची खरी गफलत टाक्यांच्या दाव्यात आहे. खांदा पुढे निखळताना फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) वाटीची पुढची-खालची कड तुटू शकते (बोनी बँकार्ट) आणि त्याच कडेवर आपटून माथ्याला मागून खड्डा पडतो (हिल-सॅक्स). टाके घालून वाटीच्या कडेची कूर्चा शिवता येते, गेलेलं हाड भरून येत नाही. बर्कहार्ट आणि डी बिअर या सर्जननी 2000 साली 194 दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचा हिशोब मांडला: हाडाची मोठी झीज नसलेल्यांत सुमारे 4 टक्के खांदे पुन्हा अस्थिर झाले, झीज असलेल्यांत 67 टक्के.

ही झीज मोजायला थ्रीडी सीटी लागतो, त्यातही माथा वगळून वाटी समोरून दाखवणारा. वाटीच्या खालच्या भागावर वर्तुळ बसवून मूळ रुंदी काढायची. समजा ती 26 मिमी, त्यातली 5 गेलेली, म्हणजे 19 टक्के. मूळ रुंदीच्या 83 टक्क्यांतून गेलेलं हाड वजा करायचं: 21.6 वजा 5, म्हणजे 16.6 मिमी. माथ्यावर वाटी टेकून फिरते तो हा पट्टा. माथ्यावर स्नायूबंध चिकटतो त्या जागेपासून खड्ड्याच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर 19 मिमी असेल, तर खड्डा पट्ट्याबाहेर गेला. हात वर-बाहेर नेताच तो कडेत अडकणार, टाके कितीही चांगले असोत. झीज कमी असती तर टाक्यांसोबत मागचा स्नायूबंध खड्ड्यात शिवून (रेम्प्लिसाज) भागलं असतं. कबड्डी खेळणाऱ्याला मात्र 19 टक्क्यांवर बरेच सर्जन लाटार्जे, म्हणजे मेसेजमधलं तेच हाड कापून लावायचं ऑपरेशन, सुचवतील.

हे पैशासाठी काढलेलं नवं फॅड नव्हे. फ्रान्समधल्या मिशेल लाटार्जे यांनी ते 1954 साली मांडलं. कोरॅकॉइडचा (फऱ्याच्या पुढे आलेल्या आकडीसारख्या हाडाचा) दोन-अडीच सेंमी तुकडा स्नायूंसकट काढून वाटीच्या तुटक्या कडेवर दोन स्क्रूंनी बसवतात. वाटी पुन्हा 26 ची झाली की पट्टा 21.6 होतो, आणि तोच 19 चा खड्डा आत येतो. वर तुकड्याला चिकटलेले स्नायू हात उचलताना माथ्याला पुढून आधार देतात.

धोके आहेतच. तुकडा कडेबाहेर डोकावला तर माथा घासून सांधा झिजतो, फार आत बसला तर खांदा पुन्हा सटकतो. नसा जवळ असतात. म्हणून झीज नगण्य आणि खड्डा पट्ट्यात असेल तर दुर्बिणीचे टाकेच योग्य. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर.

'थांबून बघू' मात्र महागात पडतं. कडेचा ताजा तुकडा पहिल्या काही आठवड्यांत अँकरने जागेवर बांधता येतो. उशीर झाला की तो विरघळत जातो आणि हाड दुसरीकडून आणावं लागतं. फिट येणाऱ्या रुग्णाच्या फिट आधी औषधाने आटोक्यात आणाव्यात, नाहीतर एका झटक्यात स्क्रू वाकतात. लाटार्जेनंतर मैदानावर परतायला साधारण चार ते सहा महिने लागतात, तेही तुकडा जुळल्याचं सीटीवर दिसल्यावरच.