उठती-बसती गाठ

माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर, मनगटाच्या जरा पुढे, तर्जनीच्या रेषेत एक फुगवटा आहे. लिमलेटच्या गोळीएवढा. गेल्या शिमग्यापर्यंत तो आणि मी गुण्यागोविंदानं नांदत होतो. होळीला पस्तीस पुरणपोळ्या लाटल्या आणि तो ठणकायला लागला. ठणकला तर ठणकला, पण मी तो चारचौघांत चोळत बसले, तिथे फसले.

सासूबाईंनी लगेच आंबेहळद उगाळली. शेजारच्या काकूंनी पायरीवरूनच एरंडाच्या पानाचा शेक सांगितला. नणंदेनं फोटो मागवून तो तिच्या सासरच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथल्या विमा विकणाऱ्या एका दिरानं ‘गँगलियन’ असं निदानही करून टाकलं. गँगलियन म्हणजे सांध्याजवळची चिकट द्रवानं भरलेली पिशवी. हे ऐकताच आमच्या ह्यांनी कपाटावरून घरातला सर्वांत जाड शब्दकोश खाली काढला.

“पूर्वी अशी गाठ जाड पुस्तकानं ठोकून फोडायचे,” हे म्हणाले.

एकवीस वर्षांच्या संसारात यांनी तो शब्दकोश उघडल्याचं मला आठवत नाही. हात मी पदराखाली घेतला, तो वैशाखापर्यंत बाहेर काढला नाही.

वैशाखात भाचीचं लग्न. बांगड्या भरायला कासारकाका घरीच आलेले. माझं माप दोन-सहा. काकांनी हात हातात घेतला, अंगठ्याच्या बुडाचं मांस तळव्यात दाबलं आणि बांगडी सरकवायला लागले. मला लहानपणापासून काचेची धास्ती. बांगडी सांध्यावर आली की माझी बोटं आपोआप ताठ होतात.

“ताई, हात सोडा.”

“सोडलाय की.”

“कुठं सोडलाय? सळई झालीय.”

तिसरी बांगडी वाढवली. (लग्नघर होतं, ‘फुटली’ म्हणण्याची माझी काय बिशाद!) काकांनी पुढची बांगडी खाली ठेवली आणि त्या फुगवट्यावर अंगठा टेकवला. “बोटं ताठ करा. आता सैल. परत ताठ.” फुगवटा वर आला, बसला, पुन्हा वर आला. भाची, विहीणबाई आणि मेंदीवाली, तिघी वाकून बघत होत्या.

“ही गाठ न्हाई, ताई. गाठ अशी सांगितल्यावर उठत-बसत न्हाई. मांस हाय हे.”

मग मात्र मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खोलीतला दिवा मालवून फुगवट्याला टॉर्च लावला. आत पाणी असतं तर उजेड आरपार दिसला असता, इथे अंधारच. मनगट खाली वाकवून बोटं त्यांच्या बोटाविरुद्ध रेटायला लावली, तर गोळा टणक झाला. सोनोग्राफीनंही कासारकाकांच्याच निदानावर शिक्का मारला. स्नायू! नाव एक्स्टेन्सर डिजिटोरम ब्रेव्हिस मॅनस. शंभरांत दोन-तीन माणसांच्या हाताला असतो. नेदरलँड्समधल्या लायडनच्या आल्बिनस नावाच्या शरीररचनातज्ज्ञानं तो 1734 सालीच नोंदवून ठेवलाय. याचा सख्खा भाऊ प्रत्येकाच्या पावलाच्या पाठीवर असतोच. म्हणजे पायाला शोभणारी वस्तू मी हातावर मिरवत होते.

“मग दुखतो कशानं?” मी विचारलं.

मनगटाच्या पाठीवर घड्याळाच्या पट्ट्यासारखा एक आडवा पट्टा असतो. काम जास्त झालं की हा स्नायू फुगतो आणि त्या पट्ट्याच्या काठाशी चेंगरतो. फारच त्रास झाला तर शस्त्रक्रिया, नाहीतर विश्रांती. कधीकधी गाठ समजून कापायला घेतात आणि आत लाल मांस बघून सर्जनच थबकतो, असंही डॉक्टर म्हणाले. मला शब्दकोश आठवला.

जाता जाता त्यांना हुरूप आला. “अंगठा आणि करंगळी जुळवा. मनगट थोडं आत वाकवा.” मनगटाच्या मधोमध दोरीसारखी कंडरा, म्हणजे स्नायूचं दोरीसारखं टोक, उभी राहायला हवी होती. माझ्याकडे सपाट मैदान. ती पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूची. हा स्नायू बऱ्याच जणांना नसतो आणि नसल्यानं काही अडत नाही. दुसरीकडची कंडरा तुटली तर सर्जन हीच काढून तिथे जोडतात. थोडक्यात, देवानं मला सुटा भाग दिला नाही आणि वर नको तो भाग चिकटवून पाठवलं. ह्यांनी तिथेच स्वतःचं मनगट वाकवलं. दोरी टणटणीत. रिक्षात, जिन्यात आणि जेवताना आमटीच्या वाटीवर धरून, दिवसभर मला ती दाखवत होते.

घरी येऊन मी सासूबाईंना चिठ्ठी दिली. डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलं होतं, ‘हाताची तीच तीच हालचाल टाळावी.’ चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली, उलटून मागची बाजूही बघितली.

“अगं, यात पुरणपोळी कुठे लिहिलीय?”