निळ्या चौकोनात गाडी कशी लावावी

सोलापुरात गाडी घेणे सोपे आणि ती उभी करणे अवघड झाले आहे, हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. नवी पेठेत खरेदीला, सात रस्त्याला कामाला किंवा एखाद्या रुग्णालयात पेशंटला बघायला निघालेला चारचाकीवाला सद्गृहस्थ निम्मा वेळ जागा शोधण्यात घालवतो आणि उरलेला निम्मा वेळ, लावली तिथून गाडी उचलून तर नेली नसेल ना, या काळजीत काढतो. अशा वेळी प्रवेशद्वाराला लागून असलेली, ऐसपैस आणि बहुतेक वेळा मोकळी अशी एक जागा समोर दिसत असताना केवळ ती दिव्यांगांसाठी राखीव म्हणून जमिनीवरच्या निळ्या चौकोनात काढलेल्या व्हीलचेअरच्या एका चित्राला भिऊन ती सोडून देणे हा शुद्ध अव्यवहारीपणा होय. तो आपल्या हातून घडू नये, म्हणून हे थोडेसे मार्गदर्शन.

आधी या जागेची थोरवी लक्षात घ्यावी, म्हणजे मनातील संकोच आपोआप कमी होतो. सार्वजनिक इमारतींसाठी आखून दिलेल्या मानकांनुसार ही जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी लागते आणि तिची रुंदी किमान ३.६ मीटर असावी लागते. इतरांच्या वाट्याला जेमतेम अडीच मीटर येत असताना येथे दार सताड उघडता येते, पोट आत न ओढता उतरता येते आणि शेजारच्या गाडीला ओरखडाही जात नाही. मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे गेलेला असताना तीस मीटर आणि तीनशे मीटर यांत काय अंतर असते, हे सोलापूरकरास वेगळे सांगायला नको. मानके ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी व्हीलचेअर गाडीतून काढून दाराशी आणणारा आणि हातांच्या जोरावर सीटवरून तिच्यात सरकणारा माणूस होता, ही गोष्ट खरी. परंतु चांगली वस्तू तयार झाल्यावर ती कुणासाठी तयार केली होती, याची चौकशी करीत बसण्याची आपल्याकडे रीत नाही.

चित्राविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ नवशिके त्याला पाहूनच बिचकतात. व्हीलचेअरचे हे जगभर दिसणारे चिन्ह १९६८ मध्ये सुझान कोफेड या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीने काढले. तिच्या मूळ चित्रातील आकृतीला डोकेच नव्हते. वरचा तो गोल नंतर कार्ल मॉन्टान यांनी जोडून दिला. आपण गाडी लावताना मूळ आवृत्तीच प्रमाण मानावी. एकदा पुढची दोन चाके चित्रावर चढली की ते झाकले जाते, आणि जे दिसत नाही त्याचे उल्लंघन झाले असे म्हणणे तर्कशास्त्रात बसत नाही.

गाडी लावताना चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवणे कधीही विसरू नये. मालकीहक्काचा इतका स्वस्त दस्त दुसरा नाही. इंडिकेटर चालू असले की रस्ता, फूटपाथ, रुग्णवाहिकेचा मार्ग आणि निळा चौकोन या सर्व जागा तेवढ्या वेळापुरत्या आपल्या नावावर होतात. मग वॉचमन येईल. तो बहुधा एखाद्या एजन्सीमार्फत नेमलेला, बारा तास उभा राहणारा, साठीकडे झुकलेला मनुष्य असतो. "मालक, ती जागा अपंगांची हाय," असे तो म्हणेल. त्यावर रागावू नये. खिडकीची काच अर्धीच खाली करून "आलोच की मामा, दोन मिंटं," एवढेच म्हणावे. मामा या शब्दाने नाते जुळते आणि दोन मिनिटे या शब्दांनी कायदा विरघळतो. तरीही तो हलला नाही, तर "रोजचेच आहोत की आपण," हे दुसरे वाक्य राखून ठेवलेले असावे. तिसऱ्या वाक्याची वेळ सहसा येत नाही, कारण आपण त्याच्या साहेबांना ओळखत असाल तर त्याची नोकरी जाऊ शकते, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. दोन मिनिटे म्हणजे किती, याविषयी मात्र भाबडेपणा नसावा. साड्यांच्या दुकानात एक दोन मिनिटे साधारण सव्वा तासाची भरते आणि लग्नाचा बस्ता असेल तर दुपार उलटते.

मोटारसायकलस्वारांनी निराश होण्याचे कारण नाही. चौकोनाच्या बाजूला तिरक्या पट्ट्या मारलेली सुमारे १.२ मीटर रुंदीची जी मोकळी जागा असते, ती खास आपल्यासाठी सोडली आहे असे समजावे. येथे मोटारसायकल लावणे ही या विद्येतील सर्वांत सूक्ष्म करामत आहे, कारण आपण राखीव जागेला स्पर्शसुद्धा करीत नाही. ती तशीच रिकामी, स्वच्छ आणि पूर्णपणे निरुपयोगी होऊन राहते. तिथे आधीच कुणी दिव्यांग मनुष्य गाडी लावून आत गेला असेल, तर परिणाम अधिकच प्रेक्षणीय होतो. तो परत येतो, दार चार बोटे उघडते, व्हीलचेअर दाराशी येऊ शकत नाही आणि आपल्या हँडलला लॉक असते. मग तो उन्हात थांबून राहतो. आपण आल्यावर "अरेच्चा, सांगायचं नाही का," असे म्हणून मोठ्या मनाने मोटारसायकल काढावी. अशा प्रसंगी लोक आपले आभारही मानतात, हा स्वानुभव अनेकांनी घेतला असेल.

विवेकबुद्धी फारच त्रास देत असेल, तर घरच्या आजींचा उपयोग करावा. आजींना गुडघेदुखी असतेच. त्यांना पुढच्या सीटवर बसवून आणावे, गाडी चौकोनात लावावी आणि काच थोडी उघडी ठेवून सर्वांनी आत जावे. आजींनी गाडीतच बसून जपमाळ ओढावी. त्या उतरत नाहीत म्हणजे त्यांना उतरता येत नाही, असा अर्थ पाहणाऱ्याने काढला तर तो आपला दोष नव्हे. आजी नसतील तर काचेवर लावण्याचे व्हीलचेअरचे स्टिकर मिळते आणि ते विकताना कुणी युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, रंग पिवळा की निळा, असे विचारत नाही. दिव्यांग नातेवाइकाच्या नावावर सवलतीत गाडी घेण्याचा मार्ग याहून वरच्या दर्जाचा. त्यात ज्याच्या नावाने करसवलत मिळाली, त्याला शोरूमबाहेर नारळ फोडताना फोटोत बसवतात आणि पुढे तो रिक्षाने फिरतो.

आता सर्वांत बलवान युक्तिवादाकडे वळू, कारण इतर सगळ्या युक्त्या हुकल्या तरी हा एकटा तरून नेतो. तो असा, की ही जागा नेहमी रिकामीच असते, तिथे कुणी अपंग येताना दिसत नाही, मग वापरली तर बिघडले काय. या युक्तिवादाचे सौंदर्य असे, की आपण तो जितका अमलात आणू तितका तो अधिक खरा होत जातो. सोलापुरातला दिव्यांग वाहनचालक बहुधा मोटारीतून येत नाही. तो मागे दोन्ही बाजूंना जादा चाके जोडलेल्या गिअरलेस स्कूटरवरून येतो आणि कुबड्या पायाशी आडव्या ठेवलेल्या असतात. ही स्कूटर दोन मोटारसायकलींच्या फटीत शिरत नाही आणि पार्किंगवाल्या पोराला ती मागून उचलून सरकवताही येत नाही. तिला बहुधा रिव्हर्स नसतो, आणि आपण जशी पाय टेकून गाडी मागे रेटतो तशी ती त्याला रेटता येत नाही. म्हणजे आत शिरल्यावर जागा मिळाली नाही, तर कुणीतरी मागून ओढून काढेपर्यंत तो तिथेच अडकणार. त्यामुळे शहाणा मनुष्य आत शिरतच नाही. फाटकातूनच निळ्या चौकोनात उभी असलेली आपली पांढरी एसयूव्ही तो पाहतो आणि तसाच पुढे निघून जातो. पुढच्या वेळी तो पुतण्याला पाठवतो, नाहीतर वस्तू घरपोच मागवतो, आणि दवाखान्याचे काम असेल तर ढकलता येईल तितके ढकलतो. याची नोंद कुठेच होत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या २९ लाखांच्या वर भरली होती. परंतु आपण आपल्या पार्किंगमध्ये उभे राहून मोजले तर ती शून्य भरते, आणि प्रत्यक्ष पुराव्यापुढे जनगणनेला कोण विचारतो?

हाच पुरावा पुढे गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत कामी येतो. जुळे सोलापूर असो की होटगी रोड, सभेत कुणीतरी उठून "ती जागा वर्षभर कुणी वापरली नाही," असे प्रामाणिकपणे सांगतो, आणि ते खरेच असते, कारण वर्षभर तिथे त्याचीच गाडी होती. मग तिथे जनरेटर येतो किंवा गणपतीचा मांडव पडतो. पुढे रंगकामाच्या वेळी निळा रंग शिल्लक नसतो.

जागेचा उपभोग घेत असताना तिच्या पावित्र्याचे रक्षण करणे हेही आपले कर्तव्य आहे. आपण नसताना तिथे एखादी तरुण मुलगी गाडी लावून चालत उतरताना दिसली, तर तिला तिथल्या तिथे चार लोकांसमक्ष खडसावावे. जो चालतो तो धडधाकट, ही कसोटी निश्चित धरावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे ७ प्रकार वाढवून २१ केले आहेत. त्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन आहे, आणि यांपैकी पुष्कळ जण काही पावले चालू शकतात, पुढची पावले त्यांना जमत नाहीत. हे सर्व बारकावे जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाला लागू असतात. आपले मंडळ गाडीत बसल्या बसल्या निदान करते आणि त्याला प्रमाणपत्र दाखवले तरी ते निर्णय फिरवीत नाही.

कायद्याची भीती बाळगणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. वर उल्लेखिलेला अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ८९ मध्ये उल्लंघनासाठी प्रथम १०,००० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड लिहिलेला आहे, परंतु पार्किंगच्या फाटकाशी हे कलम कुणी उच्चारलेले सहसा ऐकू येत नाही. रस्त्यावर वाहतूक पोलिसाने पकडलेच, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा पाचशे रुपयांपर्यंतचे चलान; दोघांच्या जेवणात एक भाजी कमी मागवली की भरून निघते. इमारतीच्या आवारात तर बहुधा पोलीसही येत नाहीत, तिथे फक्त मामा असतात. सार्वजनिक ठिकाणे दिव्यांगांना वापरता येतील अशी करावीत, यासाठी राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती २००५ मध्ये. तिच्यावर २०१७ मध्ये निकाल लागला. नंतर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवणारा नियम मूळ कायद्यालाच धरून नाही आणि तीन महिन्यांत सक्तीचे निकष करावेत. देशातील सर्वोच्च न्यायालयाला ज्या विषयात एकोणीस वर्षे घालवावी लागली, त्यात आपण फक्त दोन मिनिटे मागतो आहोत, हे प्रमाण ध्यानात ठेवावे.

एवढे सर्व अंगवळणी पडले की मनुष्याची प्रतिष्ठा वाढते आणि केव्हातरी त्याला ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणे येते. अशा वेळी ड्रायव्हरला स्पष्ट सूचना असावी, की गाडी सभागृहाच्या पायऱ्यांशी, म्हणजे निळ्या चौकोनातच घ्यायची. पाहुण्यांनी लांबून चालत येणे आयोजकांना अवघड वाटते. तीनचाकी सायकलींचे लाभार्थी सकाळी दहापासून मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात रांगेत बसवलेले असतील. उतारावर स्वागताची कमान उभी केल्याने त्यांना मंचावर आणता येणार नाही. तेव्हा फोटोसाठी आपणच खाली उतरावे, त्याने साधेपणाही दिसतो. भाषणात जिद्द, इच्छाशक्ती आणि समाजाचा दृष्टिकोन बदलण्याची गरज हे तीन मुद्दे यावेत. मात्र वीस मिनिटांच्या वर बोलू नये, कारण बाहेर ड्रायव्हरने गाडीचा एसी चालू ठेवलेला असतो आणि डिझेल उगाच जळते.