नाव ओळखलं, पण पुढे काय?
स्थानिक प्राण्या-पक्ष्यांची ओळख मुलांना खेळांतून करून द्यावी, हे एका लेखातलं म्हणणं पटलं. पण त्यातली उदाहरणं जवळपास सगळी चित्र बघून नाव सांगण्याचीच आहेत. तेवढं तर तक्त्यावरूनही होतं!

मुलांच्या स्मरणशक्तीबद्दल शंका नकोच. ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांचा एक अभ्यास 2002 साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला होता. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन, म्हणजे कार्टून आणि खेळातले काल्पनिक प्राणी, सुमारे 80 टक्के ओळखले, आसपासचे खरे जीव मात्र जेमतेम निम्मे. त्यातूनच पुढे 'फायलो' हा खऱ्या सजीवांच्या पत्त्यांचा खेळ निघाला. त्यात कोण कुठे राहतं आणि काय खातं हे जुळलं तरच पत्ता लावता येतो.

माझी पसंती मात्र 'ओ डिअर' या मैदानी खेळाला. साधारण पाव मुलं हरणं, उरलेली अन्न, पाणी, निवारा. दोन्ही रांगा एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात आणि प्रत्येक जण खुणेने आपली निवड ठरवतो. वळल्यावर हरणाला हवं ते मिळालं, तर अन्न, पाणी किंवा निवारा बनलेलं ते समोरचं मूल हरणांच्या रांगेत येतं. ज्याला मिळालं नाही ते हरीण मरतं आणि पुढच्या फेरीत स्वतःच अन्न, पाणी किंवा निवारा बनतं. दर फेरीला हरणं मोजून आलेख काढला की कळप वाढतो आणि मग का कोसळतो, ते मुलंच सांगतात. साहित्य शून्य, फक्त मोकळी जागा हवी. ॲप विकणाऱ्यांना हे कितपत रुचेल कोण जाणे.

तेव्हा खेळ निवडताना शिक्षकांनी एवढंच पाहावं: जीवांची नावं बदलून दुसरी घातली तरी खेळ जसाच्या तसा चालतो का? चालत असेल तर तो खेळ त्या जीवांबद्दल नाहीच.