कोण दमलंय?

रात्री पावणेबाराला मी खुर्चीतून अर्धवट उठून ओरडलो, "गेला! दमला हा!" आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "कोण रे? कोण दमलंय?"

आता तिला काय सांगणार? दमलेला माणूस मुळात अस्तित्वातच नव्हता. तो माझ्या लॅपटॉपमधल्या बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर. गेमनेच त्याला जन्माला घातलं, उंची दिली, पगार दिला आणि नावाशेजारी एक बारीकशी पट्टी दिली. गडी ताजा असला की ती हिरवी, मग पिवळी, मग लाल. गेले चार महिने माझा जीव त्या पट्टीत अडकलाय. सामना कोण जिंकतंय याकडे माझं फारसं लक्षच नसतं.

ज्यांना हे व्यसन नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिचर साडेसाठ फुटांवरून चेंडू फेकतो आणि दर वेळी खांदा-कोपर पणाला लावून फेकतो. शंभरेक चेंडू झाले की त्याचा त्या दिवसाचा कारभार आटोपला. पुढे चार दिवस त्याला हात लावायचा नाही. म्हणून पाच स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर, पाळीपाळीने वापरायचे. अमेरिकेतल्या मेजर लीगसारखाच माझ्या गेममध्येही १६२ सामन्यांचा मोसम असतो, तोही सहा महिन्यांत उरकायचा, म्हणजे जवळपास रोजच सामना. संघात माणसं २६, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. पाच स्टार्टर गेले की उरले आठ. हे रिलीव्हर. स्टार्टर थकला की बुलपेन नावाच्या कोपऱ्यातून यांना बोलवायचं.

क्रिकेटमध्ये गोलंदाज दमला तर त्याला सीमारेषेवर उभा करता येतो आणि तासाभराने पुन्हा चेंडू हातात देता येतो. इथे एकदा सामन्यातून काढला की संपलं, त्या दिवशी परत यायचं नाही. बरं, नव्याला आणावं तर २०२० पासूनचा नियम असा की त्याने निदान तीन बॅटरना तोंड द्यायचं, नाहीतर इनिंगचा तो अर्धा भाग संपवायचा (सामना नऊ इनिंगचा, प्रत्येकीत दोन्ही संघांची एकेक पाळी). म्हणजे आणलेला पाहुणा पहिल्याच चेंडूवर बदडला गेला तरी आपण हसतमुखाने बघत बसायचं.

तर मुख्य प्रश्न हा: काढू की ठेवू? खऱ्या मॅनेजरांकडून काही शिकावं म्हटलं तर तिकडेही आनंदच. २००३ साली बॉस्टन रेड सॉक्सचे मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी यांकीजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात पेड्रो मार्टिनेझला आठव्या इनिंगमध्येही ठेवला. आघाडी ५-२ होती. मैदानात जाऊन त्याच्याशी बोलले, आणि त्याला तिथेच ठेवून परत आले. पेड्रोचे १२३ चेंडू होईपर्यंत ५-५ झालं होतं. अकराव्या इनिंगमध्ये बॉस्टन हरलं आणि काही दिवसांत लिटल यांची नोकरी गेली. बरं, मग काढावा? २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम लढतीच्या, सहाव्या सामन्यात टँपा बेचे केव्हिन कॅश यांनी ब्लेक स्नेलला ७३ चेंडूंवर काढला. त्याने तोवर नऊ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे एकट्याने बाद, केलं होतं, दोनच हिट दिल्या होत्या, संघ १-० ने पुढे. नव्या पिचरने त्याच इनिंगमध्ये आघाडी घालवली आणि समोरचे डॉजर्स विजेते झाले. एकाने ठेवला म्हणून शिव्या खाल्ल्या, दुसऱ्याने काढला म्हणून. त्यांना निदान पगार तरी होता.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे, आणि ते कळायला मला अर्धा मोसम लागला. रिलीव्हर असा खुर्चीतून उठून थेट येत नाही. त्याला आधी 'वॉर्म-अप' करायला सांगावं लागतं. तो बुलपेनमध्ये चेंडू टाकत राहतो. आणि ते चेंडूसुद्धा पट्टी खातात!

त्या रात्रीचंच बघा. सहावी इनिंग, माझ्या पहिल्या नंबरच्या स्टार्टरचे ८८ चेंडू, पट्टी पिवळी, ४१ टक्के. मी घाबरून डावखुऱ्या रिलीव्हरला उठवलं. तेवढ्यात पहिल्या नंबरवाल्याने दोन बॅटर बाद केले. मी डावखुऱ्याला बसवलं. पुढच्याने हिट मारली, पुन्हा उठवलं. इनिंग संपली, पुन्हा बसवलं. सातव्या इनिंगमध्ये पहिलाच चेंडू जरा वाकडा गेला आणि मी तिसऱ्यांदा उठवलं, सोबतीला आणखी एक उजवाही. आठव्या इनिंगमध्ये शेवटी डावखुऱ्याला मैदानात आणलं, तेव्हा त्याची पट्टी केशरी झालेली. सामन्यातला एकही चेंडू न टाकता गडी अर्धा संपला होता. पाहुणे येणार येणार म्हणून दिवसभर दारात उभ्या केलेल्या पोरासारखी त्याची अवस्था. त्याने पहिल्याच बॅटरला होमरन दिला. तेव्हाच मी ओरडलो होतो.

आई चष्मा लावून बाहेर आली. माझ्या मागे उभं राहून तिने पडदा न्याहाळला. मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हा नुसता बसून दमला?"

"बसून नाही गं. उठबस करून."

"आणि उठबस कोणी करायला लावली?"

मी उत्तर दिलं नाही. बरोबरी झाली होती आणि सामना जादा इनिंगमध्ये चालला होता. आईने खुर्ची ओढली.

दहाव्या इनिंगपासून प्रत्येक संघाचा एक रनर दुसऱ्या बेसवर, म्हणजे रनच्या अर्ध्या वाटेवर, आयता उभा असतो. सामना लवकर मिटावा, पिचरांचे हाल होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. माझा सामना तरीही तेराव्यात गेला. तेरा म्हणजे काहीच नाही म्हणा. १ मे १९२० रोजी ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर आणि बॉस्टनचा जो ओश्गर हे दोघे पिचर २६ इनिंगच्या २६ टाकत राहिले होते. शेवटी अंधार पडला आणि १-१ वर सामना सोडून दिला. दोघांपैकी एकालाही कोणी बदललं नाही. मला वाटतं, त्यांच्या मॅनेजरांना पट्टी दिसत नव्हती हेच त्यांचं भाग्य.

मला मात्र आठही रिलीव्हरांच्या पट्ट्या दिसत होत्या. चार वापरून संपले होते, दोघे आदल्या दिवशी खेळलेले, एक लालबुंद. आणि एक नकलबॉलवाला. हा माझा लाडका. नकलबॉल हळू टाकतात, त्यात जोर लागत नाही, त्यामुळे याची पट्टी जन्मात उतरत नाही. पण त्याचा चेंडू कुठे जाईल हे बॅटरला कळत नाही तसं त्यालाही कळत नाही. अकराव्या-बाराव्या इनिंगमध्ये त्याने सात जणांना फुकट बेस वाटले. तेराव्यात पंचांनी चेंडूबद्दलचं त्याचं मत ऐकून घेतलं आणि त्याला हाकललं.

आता पिचर नाही. अशा वेळी नियमाने साधा क्षेत्ररक्षकही पिचिंगला उभा करता येतो. मी यादी उघडली आणि एकच निकष लावला: पट्टी. सगळ्यांत वर होता माझा उजवा क्षेत्ररक्षक. शंभर टक्के. हिरवागार. त्याच्या अंगावर हिरवळ उगवली म्हणा ना.

"हाच!" मी म्हणालो.

"हा कोण?" आईने विचारलं.

"हा बॅटर आहे. लीगमध्ये सर्वांत जास्त होमरन याचेच."

"मग त्याला कशाला चेंडू टाकायला लावतोस?"

"दमलेला नाहीये."

त्याने तीन बॅटर बाद केले. आमच्या पाळीत आम्ही रन काढून जिंकलो. मी टाळी वाजवली, आईनेही वाजवली, कारण तिला वाटलं आता हा झोपेल. मी 'पुढचा दिवस' दाबलं. निरोपांची खिडकी उघडली. वरच लाल अक्षरांत: उजवा क्षेत्ररक्षक, खांद्याचा स्नायू फाटला, मोसम संपला.

आईने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि वाकून वाचलं.

"पण हा तर दमला नव्हता ना?"

"नाही," मी म्हणालो. "अजूनही शंभर टक्केच दाखवतोय."